सामना आधी, गोळी नंतर

रेडिओ : हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग! आज या मैदानावर व्हॉलीबॉलचा अंतिम सामना, अग्निशमन दलाचे आगवाले विरुद्ध बंदराचे गोदीवाले! पंच खुर्चीवर चढलेत, त्यांच्या तोंडात ती... ती... अरे, ती फुंकायची...

मामा : शिट्टी.

रेडिओ : शिट्टी! बघितलंस मामा? शिट्टी गेली माझी! बालवाडीतल्या पोराला विचारलं तरी सांगेल.

मामा : गेली तर गेली, टेस्टिंगच आहे. सेमीफायनलला माईकवर कशी सुटली होतीस ते आठव! गोदीचा कप्तान मला येऊन विचारतो, अहो माईकवाले, तुमची भाची श्वास कधी घेते?

रेडिओ : सेमीला संध्याकाळची गोळी घेतली नव्हती मी.

मामा : मग आज तरी कुठं घ्यायचीय? आपलं ठरलंय ते ठरलंय. सामना आधी, गोळी नंतर. खिशात आहे ना?

रेडिओ : आहे. पण मामा, ते 'नंतर' कधी येतच नाही रे. सेमीनंतर तुझ्या टेम्पोत स्पीकरला टेकून झोपले, ती थेट सकाळी घरच्या अंथरुणात जागी झाले.

मामा : आज मी स्वतः उठवीन. पाण्याची बाटली घेऊन उशाशी बसेन, मग तर झालं? चल, चढ मचाणावर. लोक बघ किती जमलेत! चार भोंगे लावलेत मी आज. पलीकडच्या रस्त्यानं जाणारा माणूससुद्धा सायकल थांबवून तुझं ऐकत उभा राहिला पाहिजे.

रेडिओ : आणि वर गेल्यावर शब्द गेला तर?

मामा : हेडफोन कशाला दिलाय? अडकलीस की मी खालून सांगतो. कुणाला पत्ता लागणार नाही.

आई : रेडिओ! ए रेडिओ! चढू नकोस, थांब! आधी माझं ऐक!

मामा : मेलो. तुझी आई. चेहरा साधा ठेव.

रेडिओ : साधा म्हणजे कसा?

मामा : मला काय माहीत, मला कधी जमलाय! अगं ताई! तू इकडे कशी? दुकान सोडून?

आई : दुकान गेलं खड्ड्यात! पाणी दे आधी, धावत आलेय. एका आजोबांना बिनकाचेची फ्रेम लावून आरशासमोर बसवून आलेय मी. ते म्हणतायत, वा, हा चष्मा फारच स्वच्छ आहे!

मामा : पण झालंय काय?

आई : ही ढ नाहीये!

रेडिओ : काय?

आई : तू ढ नाहीस! आळशी नाहीस, मुद्दाम गप्प बसत नाहीस, काही काही नाही! ते गोळीमुळे आहे, रेडिओ! त्या नव्या गोळीमुळे! अगं, अशी बघतेस काय, ऐकू येतंय ना?

रेडिओ : येतंय. परत सांग.

आई : दुपारी तुझ्या वर्गाच्या बाईंचा फोन आला. फळ्यापाशी उभी केली की मुकी होते म्हणे, तुमचं घरी लक्ष आहे की नाही. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, लहानपणी हिला गप्प बसवायला आम्ही पैज लावायचो, म्हणून तर रेडिओ नाव पडलं, आणि यंदा नुसती खरखर कशी? तशीच उठले आणि डॉक्टरबाईंकडे जाऊन बसले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, तिच्या बोटांना मुंग्या येतात का हो?

रेडिओ : येतात!

आई : मीही तेच म्हटलं. मग विचारलं, सोडा प्यायला तर फिक्का लागतो का? म्हटलं, अहो, परवाच दुकानदाराशी भांडून आली, सोडा उतरलेला देता म्हणून! तर बाई हसल्या. म्हणाल्या, आणि शब्द? अगदी ओठापर्यंत येतात आणि परत फिरतात? माझ्या अंगावर काटा आला गं. तुझं बोलणं बाईंच्या तोंडून!

मामा : म्हणजे त्यांना आधीच ठाऊक होतं?

आई : काही मुलांना होतं म्हणाल्या. या औषधानं सगळ्यांना होत नाही, पण काहींना होतं. फिट थांबवायची तर औषध मेंदूतच जाणार. मग ते कुणाला झोपाळू करतं, कुणाला चिडकं करतं, कुणाचे शब्द पळवतं. मुलं बोलत नाहीत आणि घरच्यांना वाटतं, वयात आली, नाटकं करते. सुरुवातीलाच सांगायचं होतं म्हणाल्या, आम्ही औषध बदलून देतो.

रेडिओ : आई, मला वाटत होतं माझा मेंदू सडतोय.

आई : काहीतरीच!

रेडिओ : खरंच. वाटायचं, फिट येऊन येऊन आतून संपत चाललाय. फिट बंद झाल्या तरी वाटायचं. मी अंथरुणात पडल्या पडल्या खोलीतल्या वस्तूंची नावं घ्यायची. खिडकी, कडी, दिवा, टेबल. एकदा उशी आठवेना. डोकं उशीवर आणि उशी आठवेना! तुला हाक मारणार होते, पण तू दमून झोपली होतीस.

आई : आणि सकाळी मी तुला म्हणाले, तोंडात काय गोळा धरून बसतेस. म्हणाले ना?

रेडिओ : म्हणालीस.

आई : जिभेला हाड नाही माझ्या. इकडे ये. ये म्हणते ना, लोक बघू देत.

मामा : ताई, हिला सोड आता, गुदमरेल! अगं, आनंदाची बातमी आहे की रडायची? ढ नाही आमची पोरगी! मी हे भोंग्यावरून सांगू का सगळ्यांना?

आई : गप रे! फिटबिट काही बोलू नकोस, माईक बंद आहे ना तो? मी सगळीकडे सांगितलंय, पित्ताची गोळी चालू आहे म्हणून. हिच्यापुढं अजून सगळं आयुष्य आहे.

रेडिओ : आई, मग टाकूनच देऊ ही गोळी? आत्ता? त्या गटारात?

आई : खबरदार! एकदम बंद केली तर फिट उसळून येतात, आधीपेक्षा वाईट. बाईंनी बोटावर मोजून दाखवलं मला. नवं औषध थोडं थोडं चढवायचं, जुनं थोडं थोडं उतरवायचं, आणि सगळं त्यांना विचारून. पण त्याच्याआधी एक घोळ आहे.

मामा : कसला घोळ?

आई : हिचा सकाळी हात झटकतो ना. दुधाचा कप फुटला, कंगवा हातातून उडाला, ते मी सांगितलं. तिथं बाईंचा चेहरा उतरला. म्हणाल्या, झटके येतायत म्हणजे औषध कमी पडतंय, अशात बदल करणं धोक्याचं. तेव्हा उद्यापासून अर्धी गोळी वाढवायची. झटके पूर्ण थांबले की मग बदलाचं बघू.

रेडिओ : वाढवायची?

आई : दोन-तीन महिन्यांचा प्रश्न आहे गं.

रेडिओ : वाढवली की शब्द आणखी जाणार.

आई : जातील थोडे. पण आता कारण कळलंय ना? मी शाळेत सांगेन, पित्तामुळे... म्हणजे काहीतरी सांगेन. काय झालं? दोघांची तोंडं अशी का? मी इतकी धावत आले, आणि तुम्ही चोराच्या मनात चांदणं असल्यासारखे एकमेकांकडे काय बघताय?

रेडिओ : मामा, सांग.

मामा : तू सांग.

रेडिओ : तू मोठा आहेस!

मामा : म्हणून तर मार मला जास्त बसणार आहे. तू सांग.

रेडिओ : आई, औषध कमी पडत नाहीये. पुरतंय. मीच ते घेतलं नाही.

आई : म्हणजे?

रेडिओ : सामन्याच्या दिवशी संध्याकाळची गोळी मी मागं ठेवायची. बोलणं सुटं व्हावं म्हणून. सामना झाल्यावर घ्यायचं ठरलं होतं, पण दमून झोप लागायची आणि ती राहूनच जायची.

आई : कप फुटला तो दिवस...

रेडिओ : सेमीच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ.

आई : आणि कंगवा?

रेडिओ : गोदीवाले आणि टपालवाले खेळले, त्याच्या दुसऱ्या दिवशी.

आई : ठरलं होतं म्हणालीस. कुणाशी ठरलं होतं?

मामा : ताई, तू आधी बस.

आई : मी उभीच बरी आहे. तुझी कल्पना ना ही?

मामा : माझी. लीगच्या पहिल्या सामन्याला हिची गोळी चुकून राहिली, आणि ताई, काय बोलली ती त्या दिवशी! मधली खरखर साफ गेलेली. मला वाटलं, सापडली गोम. ही गोळीच आवाज दाबतेय. आपण काय डॉक्टर? पण वायर कुठं तुटलीय एवढं तर मला कळतं, असं वाटलं.

आई : माणूस आणि वायर एकच का रे, शहाण्या? आणि आज ही कुठं चढणार होती? त्या मचाणावर! दुमजली उंच! कठडा म्हणून दोरी बांधलीय नुसती! गोळी न घेता! वर हात झटकला असता तर? फिट आली असती तर? मी तिथं दुकानात लोकांच्या डोळ्यांना भिंगं लावत बसले असते आणि इथं माझी मुलगी...

रेडिओ : आई, नको ना.

आई : आणि तुम्ही दोघं मुकाट्यानं गप्प बसला असतात, तर उद्यापासून मी माझ्या हातानं हिला जास्तीचं औषध दिलं असतं! नसलेल्या दुखण्यावर! कळतंय का तुला, काय होणार होतं?

मामा : कळतंय. हात दाखवून अवलक्षण केलं मी. मार मला, पण आत्ता नको, सगळ्यांसमोर नको. ताई, तिचा आवाज परत यायचा गं. तेवढा तासभर यायचा. तो ऐकला की माझं बाकी काही डोक्यातच राहत नव्हतं.

आई : फोन कुठंय माझा? पर्समध्ये. धर ही पर्स. हॅलो, डॉक्टरबाई? मीच, दुपारी येऊन गेले ती, चष्म्याच्या दुकानातली. अहो, एक सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे मलाच आत्ता कळलं. हिनं गोळ्या चुकवल्यात... हो. हो, सामन्याच्या दिवशी... नाही, मुद्दाम... नाही हो, ती नाही, तिचा मामा... हो, सख्खा. माझाच भाऊ... अगदी दुसऱ्या दिवशीच सकाळी झटके, दर वेळी... मग? वाढवायची नाही? नाही ना? अहो, परत एकदा म्हणा! रेडिओ, वाढवायची नाही!

रेडिओ : नाही?

आई : गप, ऐकू दे. हो, आत्ता खिशात आहे तिच्या... अर्धा-पाऊण तास उशीर झालाय... बरं... बरं... घे रे, तुझ्याशी बोलायचंय त्यांना.

मामा : माझ्याशी? मी नाही.

आई : घे म्हणते ना!

मामा : हॅलो... हो बाई... हो, तोच मामा... नाही बाई... चूक झाली बाई... नाही, परत नाही... काय? हो, लीगच्या सामन्याला... सामना चालू असताना तासभरच उशीर झालेला... आणि सेमीलाही... थांबा, थांबा, मला नीट समजू द्या. बाई, तुम्ही हे तिलाच सांगा हो. मी फोन मोठ्यानं लावू का? बंद पडला? छे, बॅटरी! ताई, तुझ्या फोनची बॅटरी!

आई : काय म्हणाल्या त्या? सांग लवकर!

मामा : रेडिओ, नीट ऐक हं. सकाळची गोळी दिवसभर रक्तात असते. संध्याकाळची घ्यायला तासभर उशीर झाला म्हणून लगेच ती उतरत नाही. उतरते ती रात्रभरात. म्हणून सकाळी हात झटकायचा.

रेडिओ : म्हणजे सामन्याच्या वेळी?

मामा : सामन्याच्या वेळी सकाळची गोळी अंगात होती! पुरेपूर होती! सेमीला तू जे बोललीस ना, ते गोळी घेऊनच बोललीस!

रेडिओ : खोटं.

मामा : डॉक्टरबाई खोटं बोलतील? म्हणाल्या, त्या मुलीला सांगा, ते शब्द गोळी चुकवल्यामुळे आले नाहीत. धीर आला म्हणून आले. घाबरलं की शब्द जास्त पळतात, आणि तुला वाटत होतं आज आपण सुटलो, म्हणून तू घाबरली नाहीस.

रेडिओ : ते सगळं मी बोलले? माझं मी?

आई : तुझं तू.

रेडिओ : आगवाल्यांचा तो उंच खेळाडू, उंट, त्याच्या स्मॅशला मी म्हणाले होते, हा बॉल नाही, ही जप्तीची नोटीस आहे, तेही?

मामा : त्यावर गोदीवाले अजून हसतायत!

रेडिओ : पाणी दे! मामा, पाणी! बाटली कुठंय?

आई : ही घे. सावकाश. आणि दोन नाही हं घ्यायच्या एकदम, मागचं भरून काढायला म्हणून. एकच.

रेडिओ : गिळली. बघ, जीभ. झालं समाधान? आता पंच शिट्टी फुंकतील, चला, मी चढते.

आई : मचाणावर पाय ठेवून बघ!

रेडिओ : आई! फायनल आहे! वरून सगळं दिसतं!

आई : खालून काय आंधळी होणार आहेस? ते रेषेजवळचं टेबल आहे ना, तिथं खुर्ची टाकून बस. नवं औषध बसेपर्यंत उंचावर नाही, म्हणजे नाही. तुझ्या मामानंही बसून राहायचं, माझ्या डोळ्यांसमोर.

मामा : वायर पुरते तिथपर्यंत. दोन मिनिटं दे, ओढून आणतो. आणि हेडफोन? लावायचा?

रेडिओ : नको.

मामा : अगं, शब्द अडला तर?

रेडिओ : तुझा आवाज कानात असला की मी वाटच बघत बसते, आता अडेल, आता अडेल म्हणून. तो तुझ्याकडेच ठेव.

आई : अडला तर काय करशील?

रेडिओ : माहीत नाही. बघू. तू जा ना आई, आजोबांना काचा बसवून दे.

आई : आजोबा बसतील. त्यांना स्वच्छ दिसतंय.

(सामना सुरू. रेषेजवळ टेबलाशी रेडिओ. तिच्या मागे अँप्लिफायरपाशी बहीणभाऊ.)

रेडिओ : तर मंडळी, आज मी खाली आहे, जमिनीवर! आणि इथून काय ऐकू येतंय सांगू? बूट करकरतायत, गोदीचा कप्तान दातओठ खातोय, आणि आगवाल्यांचा उंट स्वतःशीच शिव्या देतोय, त्या मी सांगणार नाही! सर्व्हिस गोदीवाल्यांची. आली, आली, उचलली, पास, उंट उडाला आणि हाणला! ब्लॉक! परत आला बॉल, पायानं उचलला, पायानं! हे काय फुटबॉल आहे का, पण चालतं, नियमात बसतं!

मामा : ऐकतेस ताई? ऐकतेस का?

आई : बोलू नकोस मध्ये.

रेडिओ : अजून जिवंत आहे बॉल! गोदीवाले मागे पळतायत, एक आडवा झाला, दुसरा त्याच्यावर पडला, आणि बॉल गेला त्या... त्या...

मामा : जाळ्यावर. नेटवर! ताई, अडली. हेडफोन तर माझ्या गळ्यात! मी ओरडून सांगू?

आई : थांब.

मामा : अगं, सगळं मैदान गप्प झालं!

आई : थांब म्हटलं ना.

रेडिओ : त्या मधल्या... मंडळी, माझा शब्द पळाला. मी फिटची गोळी घेते. आत्ताच घेतली. फिट थांबवते पण मधूनच एखादा शब्द घेऊन जाते. औषध बदलणार आहे, तोवर असंच चालायचं. तर बॉल गेला ते जे मधे बांधलंय त्यावर. काय म्हणतात हो त्याला? मोठ्यानं सांगा की... नेट! ऐकलं! नेटवर आदळला, नेटवरच बसला, विचार केला, कुणाकडे पडू, आणि पडला गोदीवाल्यांकडे! पॉइंट आगवाल्यांचा!

मामा : ताई, सगळ्यांना सांगून बसली ती. चारही भोंग्यांवरून. माईक बंद करू का थोडा वेळ?

आई : हात लावून तर बघ.

मामा : मग काय करू?

आई : आवाज वाढव जरा. मागच्या रांगेपर्यंत पोचत नाहीये.